सावल्या शेवटी भरायच्या असतात

६ डिसेंबर

ति. दादास,

अक्षर ओळखलं असशीलच. पाकीट न फोडताच टाकणार होतास, हेही मला ठाऊक आहे. फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे आणि ती तुझ्या रंगपेटीतली आहे.

माझ्या मुलीला मी खारू म्हणते. सापडेल ते गालात नाहीतर उशीखाली साठवते म्हणून. आठ वर्षांची आहे. तिचे बाबा ती रांगत होती तेव्हाच गेले, तुला कुणीतरी कळवलं असेल. आम्ही दोघीच असतो. मी कपड्यांच्या कारखान्यात कापडाच्या छटा जुळवायचं काम करते. बाहीचा निळा आणि पाठीचा निळा एकच आहे ना, हे दिवसभर बघायचं. तुझ्या टेबलाशी शिकलेलं असं कामी येतंय.

गेल्या महिन्यात तिनं शाळेच्या वाचनालयातून ‘तळघरातली मावशी’ हे चेटकिणीच्या गोष्टीचं पुस्तक आणलं. चित्रं तिच्या मामाची आहेत हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. पुस्तक तिच्या हातून सुटेना. मग थंडी पडली आणि मी पेटीतून आईचा पिवळा कोट काढला. तो घालून जिन्यात उभी राहिले आणि तिला वर बोलावलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि जागच्या जागी थिजली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून ती रस्त्यात माझा हात धरत नाही. मी वाढलेलं ती आधी शेजारच्या मांजराला घालते आणि मांजर नीट चालतंय ना हे बघून मग जेवते. काल कोट खुंटीला होता. त्याचं वरून तिसरं बटण कात्रीनं कापलेलं दिसलं. बाकीची बटणं काळी, ते एक लाकडी. मी पुस्तक उघडून पाहिलं. तुझ्या चेटकिणीच्या पिवळ्या कोटालाही वरून तिसरं बटण लाकडी आहे.

दादा, चुकूनमाकून कुणी पिवळा कोट काढेल. बटण चुकून काढत नाही कुणी.

पुढच्या आवृत्तीत रंग बदल. जांभळा कर, राखी कर, तुला हवा तो कर. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. रंग तेवढा बदल.

तुझी
धाकटी


१५ डिसेंबर

चि. धाकटीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षराचं वळण तेच आहे, वेलांट्या अजूनही घाईत काढतेस.

इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून रंग भरलेस आणि तरी पिवळा बदल म्हणतेस, याचं वाईट वाटलं. पिवळाच का, ते पुन्हा सांगतो. लाल रंग बघणाऱ्याला थांबवतो, म्हणून जी मुलगी संकटात सापडणार तिला लाल द्यायचा. चेटकिणीला लाल देणारे चित्रकार आळशी. पांढरा म्हणजे निष्पाप, असं कलाशाळेत पढवतात. मी कलाशाळेची पायरी चढलो नाही, दुकानांच्या पाट्या रंगवत शिकलो, म्हणून मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की पांढरा हा वाट बघणाऱ्यांचा रंग. ज्यांचं अजून काही घडलेलंच नाही, त्यांचा. काळ्याला पोरं भीत नाहीत, दिवा मालवला की तो त्यांना रोज भेटतो. पिवळा मात्र लांबून उबदार दिसतो. वाटतं, खिडकीत दिवा लागलाय, आत आपलं कुणीतरी आहे. पोर जवळ जातं आणि मग कळतं. परीकथेत दगा देणाऱ्याचा रंग पिवळाच असला पाहिजे. हे मी कुणाकडून उसनं घेतलेलं नाही.

आता कोट. तो आईच्या अंगावरचा होता. तू घर सोडलंस त्या सकाळी तो खुंटीवर नव्हता. त्या हिवाळ्यात आई माझी जुनी शाल पांघरून खिडकीशी बसायची आणि खोकायची. तो हिवाळा तिनं ओलांडला नाही. तिसरं बटण हरवलं होतं तेव्हा मी स्वतः लाकडाचं कोरून तिला लावून दिलं होतं. ते चित्रात आहे, कारण मी तपशील चुकवत नाही.

रंग बदलणार नाही.

मुलीची नजर मात्र चांगली आहे. बटण तिला दिसलं हे वाचून बरं वाटलं. पुस्तकावर एवढे लेख आले, एकाही विद्वानाला दिसलं नव्हतं.

दादा


२ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार. मी खारू. आई म्हणाली, पुस्तकातली चित्रं तुम्ही काढता आणि तुम्ही माझे मामा आहात. मी वर्गात सांगितलं तर कुणाला खरं वाटलं नाही.

आई म्हणते, मामाला कोट आठवला म्हणून त्यानं काढला, चेटकीण वेगळी आणि मी वेगळी. पण चेटकीण असती तर तीपण असंच म्हणाली असती. म्हणून तुम्हाला विचारते, कारण तुम्ही त्या सगळ्यांना काढलंय. चेटकीण चांगले कपडे घालून आली आणि गोड बोलली तर कसं ओळखायचं? मला आई आवडते. म्हणजे ती जर आई असेल तर.

कोटाचं बटण मी साबणाच्या डबीत ठेवलंय. त्याचं काय करू?

खारू


९ जानेवारी

खारूताई,

मला अहो-जाहो करू नकोस. ‘तू’ म्हण. जे माझी चित्रं नीट बघतात त्यांनाच मी ही परवानगी देतो, आणि असे लोक फार थोडे आहेत.

तुझा प्रश्न उत्तम आहे. कपड्यांवर जाऊ नकोस. कपडे कुणीही बदलतं. चेहऱ्यावर तर मुळीच जाऊ नकोस, माझे सगळे दुष्ट लोक छान हसतात. तू सावली बघ. आत्ता पुस्तक काढ आणि पायांजवळ बघ. ज्याची सावली निळी, तो खरा. ज्याची सावली हिरवी, तो खोटा, मग तो राजा का असेना. हिरवाच का? कारण तो गवतात लपतो, पानात लपतो, कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. आणि ज्याला सावलीच नाही तो मेलेला. ‘पैलतीरावरची हाक’ या पुस्तकात तो भाऊ आहे बघ, नदीपलीकडे उभा राहून बहिणीला हाका मारणारा. हसतो, बोलतो, खाऊ दाखवतो, पण त्याच्या पायाशी काही नाही. तो तिला न्यायला आलेला असतो. ज्या पोरांना हे दिसतं त्यांना लगेच कळतं की मेलेल्याच्या हाकेला ओ द्यायची नसते.

आणखी एक सांगतो, हे मी कुणालाच शिकवलेलं नाही. सावल्या शेवटी भरायच्या असतात, पण त्यांची जागा पहिल्यापासून राखून ठेवायची असते. जागा न राखता मागाहून लावलेली सावली पायापासून सुटते आणि तिची कड उठून दिसते. असं काम दिसलं की समज, चित्रकार खोटं बोलतोय.

हे तुझ्या-माझ्यात. आईला सांगू नकोस, तिला यातलं काही माहीत नाही. माझ्याकडे होती तेव्हा तिनं आकाशं भरली, झाडं भरली, कपडे भरले. सावल्या मी तिच्या हाती कधी दिल्या नाहीत.

बटण जपून ठेव. ते माझं आहे.

तुझा
मामा


२८ जानेवारी

ति. दादास,

तू खारूला काय लिहिलंस ते ती सांगत नाही. पाकीट उशीखाली गेलंय. पण जे लिहिलंस त्यानं काहीतरी केलं. परवा सुट्टी होती. तिनं मला अंगणात उन्हात उभं केलं आणि स्वतः गुडघ्यांवर बसून माझ्या पायांपाशी जमिनीला नाक लावून बघत राहिली. मी म्हटलं, “काय हरवलंय गं?” म्हणाली, “काही नाही. बरं आहे सगळं.” आणि आत येताना माझं बोट धरलं. करंगळीच, दादा, पण धरली. मी तशीच चालत राहिले, न जाणो हात हलला तर सोडेल.

अजून ती बुजते. बोलताना माझ्या तोंडाकडे बघतच नाही, खाली बघते. पण मांजराला आधी घालणं बंद झालंय.

म्हणून पुन्हा लिहायचं धाडस करते. तुझं पुढचं पुस्तक येतंय, असं कारखान्यातल्या एका बाईनं सांगितलं. हरवलेल्या मुलीला शोधत जंगलात जाणाऱ्या राणीची गोष्ट. आई आपल्याला सांगायची तीच ना? चेटकिणीचा कोट बदलू नकोस, तू म्हणतोस तर राहू दे. पण या राणीला तो दे. पिवळा, लाकडी बटणासकट. खारूचा माझ्यापेक्षा तुझ्या चित्रांवर विश्वास आहे. मी दिवसातून शंभरदा आई असल्याचं सांगून जे होत नाही, ते तुझ्या एका पानानं होईल.

यापेक्षा जास्त वाकून कसं मागतात ते मला येत नाही. येत असतं तर तसं मागितलं असतं.

धाकटी


५ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

विचार करता येईल. राणीच्या कोटाचा रंग मी अजून ठरवलेला नाही.

तू गेलीस तेव्हा टेबलावर एक चिठ्ठी ठेवून गेली होतीस. “इतकी वर्षं मी तुझी पुस्तकं रंगवली आणि एकावरही माझं नाव नाही.” ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. तिचं उत्तर तेव्हा द्यायचं राहिलं, आता तूच दे. नाव का नव्हतं हे तुला समजलं असल्यास लिही. आईचं जे झालं ते कशामुळे झालं, तेही तुझ्या शब्दांत लिही. गोलमाल नको. मला नीटनेटकी वाक्यं आवडतात.

दादा


११ फेब्रुवारी

ति. दादास,

पुस्तकांवर माझं नाव नव्हतं, कारण पुस्तकं तुझी होती. मी फक्त रंग भरत होते.

मी कोट घेऊन गेले, म्हणून आई थंडीत उघडी पडली आणि गेली. चूक माझी होती.

राणीला पिवळा दे.

धाकटी


१० ऑक्टोबर

चि. धाकटीस आशीर्वाद.

सोबत पुस्तकाची पहिली प्रत. बाजारात यायच्या आधी तुझ्याकडे पाठवतोय.

शब्द पाळला आहे. राणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पिवळ्या कोटात आहे. हा पिवळा मिळवायला मला सगळा उन्हाळा लागला. नुसता लिंबाचा ठेवला तर आंबट दिसतो, गेरू जास्त झाला तर मळका. छापखान्यात तीनदा नमुना परत केला. मशीनवाला म्हणाला, “साहेब, पिवळा तो पिवळा.” त्याला मशीन बंद करायला लावलं. बटण जिथल्या तिथे आहे. लाकडाच्या रेषासुद्धा आहेत, भिंग घेऊन बघ. मलपृष्ठावर प्रकाशकानं माझं चित्र मागितलं, तेही मीच काढून दिलं.

सावल्या सगळ्यांत शेवटी भरल्या. त्यांच्यावर जितकं मन लावलं तितकं आजवर कुठल्याच कामावर लावलं नव्हतं.

अर्पणपत्रिका बघ.

दादा


१८ ऑक्टोबर

दादा,

पुस्तक आलं. कारखान्याच्या दारातच पाकीट फोडलं. ‘माझ्या बहिणीस, जिनं माझी आकाशं रंगवली.’ बायका विचारत होत्या, काय झालं, कुणी गेलं का? मी म्हटलं, नाही, आलं.

राणी सुंदर आहे. तू आईचे हात दिलेस तिला, लांब बोटांचे. मी ओळखले.

खारूला अजून दाखवलेलं नाही. आज कोट घालणार आहे, बटणाशिवायच. तिला मांडीवर घेऊन दोघी मिळून वाचू. ती मांडीवर येईल, असं मला आज वाटतंय. तुझ्याबद्दल मी इतकी वर्षं जे मनात बोलत आले ते सगळं मागे घेते. पुढचं सविस्तर लिहीन.

तुझी
धाकटी


२३ ऑक्टोबर

प्रिय मामा,

पुस्तक मिळालं. आईनं मला मांडीवर बसवून वाचून दाखवलं. तिनं कोट घातला होता. ती मोठ्यानं वाचत होती तेव्हा मी पायांजवळ बघत होते. पहिल्या पानावर सावली थोडीशीच हिरवी आहे. जंगलात जास्त आहे. शेवटी राणी मुलीला जवळ घेते तिथे पूर्ण हिरवी आहे. आईला ते दिसलंच नाही. तिनं पुस्तक मिटलं आणि मला म्हणाली, “बघ, मामानं काय काढलंय.” मी म्हटलं, “बघितलं.”

तू मला चोरून सांगितलंस, ते कळलं. मी कुणाला सांगितलं नाही. अंगणात तिची सावली निळी दिसली होती, पण तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आता मी तिनं केलेलं खात नाही. खाल्ल्यासारखं करते आणि खिशात टाकते. मांजरालापण देत नाही, त्याला काही झालं तर.

मामा, तू मला न्यायला कधी येशील? मी कमी सामान घेईन.

पुस्तकाच्या मागे तुझं चित्र आहे. तू टेबलाशी बसलायस आणि मागे पांढरी भिंत आहे. तुझी सावली दिसत नाही. छापायची राहिली का?

खारू


१ नोव्हेंबर

खारूताई,

शाबास. पान उलटेल तसा हिरवा वाढत जातो, हे तुला दिसलं. अख्ख्या देशात दुसऱ्या कुणाला दिसेल असं वाटत नाही. एवढ्या एका बघणाऱ्यासाठीसुद्धा मी सगळं पुन्हा केलं असतं.

तुला न्यायला मी येणार नाही. माझ्या घरात मुलांना जागा नाही. इथे टेबलं आहेत, ओले कागद वाळत घातलेले असतात, कुणी धावलं तर सगळं वाया जातं. तू तिथेच राहा आणि डोळे उघडे ठेव. आईला काही विचारू नकोस, ती रडेल आणि तू विरघळशील.

माझ्या चित्रात काही राहिलेलं नाही. मी स्वतःची सावली काढत नाही. चित्र काढणारा उजेडाच्या बाजूला बसलेला असतो.

मामा


१९ नोव्हेंबर

दादा,

हे पत्र शेवटचं, म्हणून सावकाश लिहितेय. वेलांट्या बघ.

खारू शाळेत चक्कर येऊन पडली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हिच्या पोटात अन्न नाही. मी म्हटलं, असं कसं, माझ्यासमोर जेवते. नर्सनं तिचा फ्रॉक बदलला तेव्हा खिशातून वाळलेले, बुरशी धरलेले घास निघाले. नर्सनं विचारलं, “का गं, आईचा स्वयंपाक आवडत नाही?” तर तिच्या कानात म्हणाली, “आईची सावली हिरवी आहे.” नर्स हसली आणि ते मला येऊन सांगितलं. मी हसले नाही.

घरी येऊन पुस्तक खिडकीशी धरलं. मी छटा जुळवणारी बाई आहे, दादा, तरी दिवसभर बसले तेव्हा दिसलं. दुसरा कुणी असता तर त्या सावलीला राखाडी म्हणाला असता. त्यात टिपूसभर हिरवा आहे आणि पानागणिक तो वाढत जातो. काम सुरेख आहे. एवढं सुरेख काम तू कधीच केलं नव्हतंस. त्याच दिवशी तुझं पत्र आलं, खारूच्या नावाचं. मी फोडलं. मग उशीखालचं आधीचं पाकीटही काढलं. निळी खरी, हिरवी खोटी, आणि सावली नाही तो मेलेला. सगळं वाचलं. कपडे मी भरायचे आणि सावल्या तू, असंच आपलं चालत आलं होतं. या वेळीही मी कोटच मागितला.

आता कोटाबद्दल, कारण तुला तपशील लागतात. तो मी उचलला नव्हता. त्या सकाळी आईनं स्वतः तो माझ्या अंगावर चढवला. वरपासून खालपर्यंत बटणं तिनं लावली. तिसऱ्याशी थांबली, त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “याच्याजवळ राहिलीस तर याचीच होऊन राहशील. जा.” मी म्हटलं, तुला थंडी वाजेल. म्हणाली, “माझं मी बघेन. त्याला सांगू नकोस, तो माझ्यावर राग काढेल.” म्हणून मी सांगितलं नाही. तुझ्या पत्रात ‘चूक माझी होती’ असं लिहितानासुद्धा सांगितलं नाही. तेव्हा आता हेही कळू दे: इतकी वर्षं तू चेटकीण म्हणून जिला काढत आलास, तिच्या अंगावरचा तो कोट आईनं आपल्या हातानं मला दिलेला आहे.

खारू घरी आली, पण माझ्या हातचं घेईना. समजावलं, रडले, तुझं पत्र समोर धरून सांगितलं की मामा खोटं बोलला. ती म्हणाली, “मामाला सगळ्यांत जास्त कळतं.” तेव्हा मी समजावणं सोडलं. तिला म्हटलं, मामा गेला. बऱ्याच दिवसांपूर्वी गेला, मलाच उशिरा कळलं. आणि तुझ्या पत्रातलं एकच वाक्य वाचून दाखवलं: मी स्वतःची सावली काढत नाही.

ती रडली नाही. पुस्तक आणून मलपृष्ठावरचं तुझं चित्र माझ्यासमोर धरलं. “मला वाटलंच होतं,” म्हणाली. मग खूप विचार करून म्हणाली, “मेलेली माणसं आपल्याला न्यायला खोटंखोटं सांगतात ना?” मी हो म्हटलं. “म्हणजे राणीची सावलीपण त्यानं मुद्दाम हिरवी केली.” मी पुन्हा हो म्हटलं. दोन्ही वेळा मी खरं तेच बोलले.

आज ती माझ्या ताटातलं जेवली.

तू जिवंत आहेस, असं आता तिला सांगू शकणार नाहीस. तुझे नियम तिला तोंडपाठ आहेत.

धाकटी


२७ नोव्हेंबर

खारूताई,

हे पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवतोय, म्हणजे ते तुझ्याच हातात पडेल.

मी जिवंत आहे. आईनं तुला चुकीचं सांगितलं. मी रोज टेबलाशी बसतो, चहा पितो, गुडघा दुखतो. हे अक्षर माझंच आहे, आधीच्या पत्राशी ताडून बघ. ‘ळ’ची गाठ मी नेहमी डावीकडे घेतो.

मलपृष्ठावरच्या चित्राबद्दल मी तुला जे लिहिलं ते डौलापोटी लिहिलं. सावली काढायला हवी होती. सोबत मूळ चित्रच पाठवतोय, छापलेलं नव्हे, हातानं काढलेलं. त्यात भिंतीवर माझी सावली आहे. निळी आहे. नीट बघ.

तुझ्या आईनं कोटाबद्दल जे लिहिलंय ते खरं आहे का, एवढं तिला माझ्या वतीनं विचार. आजी तिसऱ्या बटणाशी थांबली, असं ती म्हणते. मला हे कुणाकडून तरी खात्रीनं कळायला हवं, आणि विचारण्यासारखं दुसरं कुणी उरलेलं नाही.

ते बटण तुझ्याजवळ आहे. परत पाठवशील का?

उत्तर लिही. दोन ओळी चालतील.

तुझा
मामा


८ डिसेंबर

मामांना,

मेलेल्यांच्या हाकेला ओ द्यायची नसते, हे मला माहीत आहे. ही ओ नाही. पुन्हा हाक मारू नका, हे सांगायला लिहिते आहे. आईला विचारून लिहिते आहे.

तुमचं चित्र मिळालं. सावली मागाहून लावली आहे. खुर्चीच्या पायापासून सुटली आहे आणि कड उठून दिसते. आधी जागा राखून ठेवली नव्हती.

तुमचं आधीचं पत्र ताडून बघितलं. ‘ळ’ सारखाच आहे. पण पुस्तकातला भाऊपण अगदी भावाच्याच आवाजात बोलतो.

कोटाचं मी आईला विचारलं नाही. ती खरी आहे, तिला विचारावं लागत नाही.

बटण देता येणार नाही. ते आईनं पुन्हा कोटाला लावलं. पिवळा दोरा घरात नव्हता, मग मी निळा दिला.

खारू